गेळाचा मासा

या, असे जवळ सरका. भिंतीला टेकून बसलेल्यांनीही पुढे यावं. ही कथा लांबून ऐकायची नाही. बुवा आख्यान लावतात ते होऊन गेलेलं असतं. त्यातला राजा मरून युगं लोटलेली असतात, म्हणून आपण निर्धास्तपणे डोळे पुसतो आणि प्रसाद घेऊन घरी जातो. मी सांगणार आहे ते अजून व्हायचं आहे. आजपासून दहा-बारा वर्षांनी. तरी झाल्यासारखं सांगतो, कारण त्याशिवाय ते अंगाला लागत नाही. यात रक्त आहे, हे आधीच सांगून ठेवतो. कच्च्या मनाच्या माणसाने शेजाऱ्याचा हात धरून बसावं.

कोकणात वेळसरी नावाची खाडी. खाडीच्या मुखाशी भोयांची पन्नास-साठ घरं. आत दोन कोसांवर रासायनिक कारखान्यांची वसाहत, आणि वसाहतीच्या फाटकाला लागून सांडपाणी तपासायची प्रयोगशाळा. त्या प्रयोगशाळेत भोयांचीच एक बाई, हर्षदा कासेकर, बावीस वर्षं एकच काम करत होती. मासे मरताना मोजायचे.

ऐकून विचित्र वाटेल, पण काम पुण्याचं होतं. कारखान्याचं पाणी खाडीत सोडायच्या लायकीचं आहे का, हे कुणाला विचारणार? मालकाला विचारून उपयोग नाही. म्हणून माशाला विचारायचं. काचेच्या सहा टाक्या, प्रत्येकीत बोटाएवढे दहा मासे. एका टाकीत स्वच्छ पाणी, बाकी पाचांत चढत्या प्रमाणात सांडपाणी. मुदत शहाण्णव तास. दर चोवीस तासांनी हर्षदा काचेची कांडी घेऊन एकेका माशाच्या शेपटीला हळूच शिवायची. हलला तर जिवंत. हलला नाही आणि कल्लेही थांबलेले असले, तर वहीत एक रेघ आणि मासा बाहेर. ज्या टाकीत निम्मे मासे मेले, त्या टाकीतलं प्रमाण ही त्या विषाची ताकद. सगळं शास्त्र एवढंच.

चाचणीच्या आदल्या दिवशी माशांना खायला घालत नाहीत. पोटात अन्न असलं तर पाणी घाण होतं आणि निकाल चुकतो. त्या दिवशी हर्षदाही काही खायची नाही. बरोबरीच्या बायका हसायच्या. "अगं, एकादशी तरी महिन्यातून दोनदा येते. तुझी आठवड्याला?"

"ज्यांना उद्या मारायचं, त्यांच्यासमोर बसून डबा उघडू?" ती म्हणायची.

घरी तिची वहिनी, शैला, हे सगळं पाळायची. हर्षदाने लग्न केलं नव्हतं, भावाकडेच राहायची. तिच्या उपासाच्या दिवशी शैला घरात मासळी शिजवत नसे. भोयाच्या घरात! तो भाऊ, बाळादादा, कुरकुरायचा, तर म्हणायची, "एक दिवस पिठलं खाल्लंत म्हणून काय होडी बुडणार नाय."

आणखी एक सवय हर्षदाला होती. वहीत फक्त मेल्याची रेघ मारायला रकाना होता. मासा कसा मेला, याला जागाच नव्हती. ते ती समासात लिहायची. 'वर येऊन आ वासतो.' 'तळाशी निपचित.' आणि बावीस वर्षांत पाच-सात वेळा लिहिलेलं, 'धनुष्य.' म्हणजे कल्ले नीट चाललेले असतात, पण मासा स्वतःभोवती गरगरतो आणि त्याची पाठ धनुष्यासारखी वाकून तशीच राहते.

मग कल्लायंत्र आलं.

आणलं डॉक्टर मुक्ता सबनीस यांनी. प्रयोगशाळेच्या प्रमुख, वयाने हर्षदाएवढ्याच, करड्या केसांच्या. बाई मनाने इतक्या हळव्या की टाक्यांच्या खोलीत शक्यतो यायच्याच नाहीत. माशाच्या कल्ल्यातल्या पेशी त्यांनी काचेच्या पट्टीवर वाढवल्या. एका माशाच्या कल्ल्यापासून लाखो पट्ट्या होतील अशा पेशी, न संपता वाढतच राहणाऱ्या. पट्टीवरून सांडपाणी वाहू द्यायचं. पेशी जिवंत असल्या तर चमकतात, मरायला लागल्या की मंदावतात. ती चमक यंत्र मोजतं आणि दिवा लावतं, हिरवा किंवा तांबडा. चार दिवसांचं काम दहा मिनिटांत, आणि तेही प्रत्येक कारखान्याच्या नळाच्या तोंडाशी, चोवीस तास. विषारी पाण्यात मासा आधी कल्ल्याने मरतो, हे बव्हंशी खरंच आहे. कायदा बदलला. माशांवरची चाचणी बंद झाली.

टाक्या भंगारात गेल्या त्या दिवशी मुक्ताबाईंनी सगळ्यांना पेढे वाटले. "वर्षाला चाळीस हजार जीव, हर्षदा. एकट्या आपल्या राज्यात. आता एकही मरायचा नाही."

हर्षदाचे डोळे भरून आले. पेढा हातात धरूनच तिने विचारलं, "बाई, धनुष्य होणारा मासा यात कसा दिसणार?"

"म्हणजे?"

तिने समास दाखवला. मुक्ताबाईंनी चष्मा वर सारून वाचलं. "हे नसांवर काम करणारं विष. यात कल्ल्याला काही होत नाही. त्याला वेगळी पट्टी लागेल, मेंदूच्या पेशींची. मी अहवालात लिहिलंय तसं, एक्केचाळिसाव्या पानावर. पण दुप्पट खर्च म्हणून प्रदूषण मंडळाने ते बाजूला ठेवलं. फार क्वचित असतं गं ते. खा पेढा."

हर्षदाने पेढा खाल्ला. आता तिचं काम पट्ट्या बदलण्याचं आणि फोनवर दिवे बघण्याचं. उपास सुटले. शैला म्हणाली, "बरं झालं बाय, तुझी हाडं दिसायला लागली होती."

दीड वर्ष असं गेलं. वसाहतीतल्या सगळ्यात मोठ्या कारखान्याने दरम्यान कीटकनाशकाचा नवा माल काढला. कीटक तडफडून मरावा असं बेतलेलं रसायन. त्यांच्या नळावरचा दिवा हिरवा होता. तो कायम हिरवाच राहिला.

माघातला रविवार. ओहोटी लागली होती. हर्षदा अंगणात तांदूळ निवडत होती, तोच बाळादादा धावत आला. पन्नाशीचा, दाराएवढा रुंद माणूस, पण लहान पोरासारखा ओरडत होता. "शैला, टोपल्या काढ! हर्षे, चल लवकर! खाडीने आज दिवाळी मांडलीय!"

ती गेली. अख्खा भोईवाडा गुडघाभर चिखलात उतरला होता. पाण्यावर मासाच मासा. बोय, शिंगाळे, काळुंदरं, हातभर लांबीची तांबोशी. बायका पदर खोचून टोपल्या भरत होत्या. कुणी तरी मोठ्याने गात होतं.

"गेळाचा मासा हाय," बाळादादा म्हणाला. "वरच्या डोहात कुणी तरी गेळ कुटून टाकला असणार. ओहोटीबरोबर सगळा माल आपल्या दारात."

गेळाचं फळ कुटून डोहात टाकतात, हे ठाऊक आहे ना? ते माशाचा कल्ला धरतं. मासा गुदमरून वर येतो आणि हाताने वेचता येतो. शिजवून खाल्ला तर माणसाला काही होत नाही. पणजोबाच्या पणजोबापासून खाडीकाठी हे खात आले होते. वर आलेल्या माशाला इथलं माणूस भीत नाही.

हर्षदा चिखलात उतरली. तिच्या पायाशी एक बोय गरगरत होता. तोंडाने आ वासत नव्हता. कल्ले संथ, नेमाने उघडमीट करत होते, जसे धडधाकट माशाचे असतात. मग एकदम त्याला झटका आला, पाठ वाकली, आणि तो तसाच राहिला. धनुष्य.

एवढ्या खाडीला किती पोती गेळ लागेल, हेही मनात येऊन गेलं. तिने फोन काढला. वसाहतीतल्या एकोणीस नळांचे एकोणीस दिवे. सगळे हिरवे.

"काय गो बाय, बघतेस काय?" शैला टोपली कमरेवर घेऊन उभी होती. "खायचा ना हा? तू सांग. कारखान्याचं काय नाय ना?"

आजूबाजूच्या आठ-दहा बायका थांबल्या. हर्षदा त्यांची होती, शिकलेली होती, पाण्याच्या कचेरीतली होती. तिचा शब्द म्हणजे शिक्का.

"दिवे सगळे हिरवे आहेत," ती म्हणाली.

"म्हणजे खायचा?"

"खा."

"तू म्हणतेस ना, मग झालं," शैला म्हणाली आणि टोपली उचलून चालायला लागली.

दुपारी घराघरातून तिरफळ घातलेल्या कालवणाचा वास सुटला. शैलाने हर्षदाला ताट वाढलं. हर्षदाने भात कालवला, घास उचलला आणि खाली ठेवला. "मला भूक नाही गं. डोकं दुखतंय."

"जुन्या उपासांची सवय ती," शैला हसली. "ठेवते झाकून." आणि ती स्वतः जेवायला बसली. बाळादादा अजून होडी ओढायला गेला होता. त्याची वाट बघायची नाही, असं तोच सांगून गेला होता.

पाऊण तासाने शैलाच्या हातातून तांब्या पडला. "हर्षे, माझी बोटं बघ कशी करतायत," ती म्हणाली. तिची बोटं आपोआप वळत होती. मग दातखीळ बसली. ती उभीच्या उभी पाट्यावर कोसळली, कपाळ फुटलं, आणि पाठ टाचेपर्यंत मागे वाकली. हर्षदाने तिला धरलं. पण अंगात आलेल्या त्या ताकदीने शैलाने तिला भिंतीवर फेकलं. जीभ दातांखाली तुटली. तोंडातून रक्ताचा फेस आला. बाहेर वाडाभर किंकाळ्या उठल्या. शेजारची म्हातारी उंबऱ्यावर डोकं आपटत होती, धप, धप, आणि तिचा मुलगा तिला धरायला धावता धावता स्वतःच पडला. देवळाच्या ओट्यावर माणसं आणून टाकली, तर ती फरशीवर चिखलातल्या माशांसारखीच उडत होती. डॉक्टर आला तोवर शैला गेली होती. धनुष्यासारखी वाकून गेली. सरळ करून झोपवता येईना.

बाळादादाने बायकोचं डोकं मांडीवर घेतलं, एकदाच हंबरडा फोडला आणि उठला. दारामागचं वल्हं घेतलं.

चारच्या सुमाराला दीडशे माणसं वसाहतीच्या रस्त्याला लागली. कोयते, वल्ही, पहारी. हर्षदा त्यांच्याबरोबर चालत होती, मागे, अनवाणी. फाटकाशी पहारेकऱ्याने हात आडवे केले. पलीकडच्या गावचाच माणूस, ढेपे नावाचा. "अरे थांबा, साहेबांना बोलावतो..." एवढंच म्हणाला. एक दगड त्याच्या कानशिलात बसला आणि तो दाराच्या चौकटीत घसरत खाली बसला, कान लोंबत. लोक त्याला ओलांडून गेले. आतल्या रक्षकांनी काठ्या चालवल्या. तांडेलांच्या दिनूचं मनगट काडीसारखं मोडलं. ते बघून लोक पिसाळले. जीप उलथली, काचा फुटल्या, एका रक्षकाला पालथं पाडून तिघं तुडवत राहिले.

कारखान्याचा व्यवस्थापक, चौगुले, पहिल्या मजल्याच्या खिडकीतून कर्ण्यावर ओरडत होता, "दिवा हिरवा आहे! सरकारी दिवा हिरवा आहे! आमचं पाणी स्वच्छ आहे!"

आणि खाली, नळाच्या तोंडाशी, मुक्ताबाई गुडघे टेकून बसल्या होत्या. बातमी कळताच त्या गाडी काढून पाण्याचा नमुना घ्यायला आल्या होत्या. हातात बाटली होती.

"हीच ती!" कुणी तरी ओरडलं. "यंत्राची बाई!"

बाळादादाने त्यांना केसांना धरून ओढलं. सिमेंटच्या नाल्यातून कारखान्याचं पाणी अजून वाहत होतं, नितळ, बिनवासाचं. त्याने त्यांचं डोकं त्यात दाबलं. "पी! हिरवं हाय ना? पी, भवाने!" वर काढलं, पुन्हा दाबलं. मुक्ताबाईंचे पाय चिखलात झाडले जात होते. नाल्याच्या कडेवर त्यांचा चेहरा घासला आणि पाणी तांबूस झालं. भोवती दीडशे माणसं म्हणत होती, "मार! मार!"

श्रोतेहो, इथे हर्षदाला गप्प राहता आलं असतं. आणखी दोन मिनिटं, आणि बाईंबरोबर एक्केचाळिसावं पानही बुडालं असतं, समासही बुडाला असता. दोष यंत्राच्या माथी गेला असता. भावाला फाशी झाली असती, पण बहिणीला उभ्या जन्मात कुणी बोल लावला नसता.

ती गर्दी फोडून आत शिरली आणि भावाच्या दंडाला लोंबकळली. "दादा, सोड त्यांना! खा म्हणून मी सांगितलं!"

"तू दिवा बघून सांगितलंस!"

"मी मासा बघितला होता, दादा. वाकलेला. तो गेळाचा नव्हता, कल्ले चालू होते त्याचे. मला कळलं होतं. डोळ्यांनी बघितलं आणि दिव्याचं ऐकलं."

बाळादादाचा हात सैल झाला. मुक्ताबाई नाल्याच्या काठावर पडून ओकत होत्या. तो बहिणीकडे बघत होता, आणि त्याच्या तोंडावर काही तरी हळूहळू उमटत होतं.

"तुझं ताट," तो म्हणाला. "झाकलेलं होतं. तू खाल्लं नायस."

"नाही."

"शैलीने खाल्लं. तू नाय खाल्लंस."

"हात वर गेला नाही, दादा."

पहिलं वल्हं खांद्यावर बसलं. गळ्याचं हाड मोडल्याचा आवाज मागच्या माणसांनाही ऐकू गेला. दुसरं तोंडावर बसलं. डावा डोळा तिथेच गेला. ती खाली पडली. 'मार मार' म्हणणारी माणसं एकदम गप्प झाली, कारण ही त्यांची हर्षदा होती. तिसऱ्यांदा वल्हं वर गेलं. हर्षदाने हात आडवा धरला नाही. ज्या हातात अजून जीव होता, तो पुढे केला आणि एका बोटाने भावाच्या अनवाणी पायाला हळूच शिवलं. बावीस वर्षांची सवय ती. कांडी माशाच्या शेपटीला लावावी तशी.

पाय थरथरला.

"हलला," ती रक्ताच्या गुळण्यांमधून पुटपुटली. "जिवंत आहे."

वल्हं मागे पडलं. एवढा मोठा माणूस बहिणीच्या अंगावर कोसळला आणि लहान मुलासारखा रडू लागला.

नाला वाहतच होता. मुक्ताबाई उठल्या. अर्धा चेहरा सोललेला, केस चिकटलेले. लटपटत त्या यंत्रापाशी गेल्या आणि हाताला लागलेल्या दगडाने त्यांनी तो हिरवा दिवा फोडला. मग वर खिडकीकडे बघून ओरडल्या, "चौगुले! हे यंत्र माझं आहे. त्याला काय दिसत नाही, ते मी लिहिलं होतं. बारीक अक्षरात लिहिलं, मोठ्याने बोलले नाही. आता बोलतेय. तासाभरात भरती लागेल आणि हे पाणी आतल्या गावांत शिरेल. झडप बंद करा, नाहीतर या लोकांना मी स्वतः जिना दाखवते."

झडप बंद झाली. आतली चार गावं वाचली. भोईवाड्यातली नऊ माणसं गेली.

मुक्ताबाईंनाही त्या संध्याकाळी झटके आले. त्या जगल्या, पण बोलताना त्यांची जीभ आता अडखळते. चौगुल्याला शिक्षा झाली, काही मोठ्या माणसांना झाली नाही. ढेपेच्या कानाबद्दल, मुक्ताबाईंबद्दल आणि स्वतःच्या डोळ्याबद्दल हर्षदाने न्यायालयात जे होतं तेच सांगितलं, भाऊ समोर उभा असताना. अर्धं खरं एकदा बोलून बघितलं होतं तिने. बाळादादाला चार वर्षांची शिक्षा झाली. निकाल ऐकून तो म्हणाला, "बरं सांगितलंस."

पुढे कायद्यात एक ओळ वाढली. प्रत्येक कल्लायंत्राशेजारी मेंदूच्या पेशींची पट्टी, आणि तिच्याशेजारी काचेची एक टाकी, दहा मासे, आणि त्यांच्याकडे बघणारं एक माणूस. देवाने माशाला नुसते कल्ले दिलेले नाहीत, हे मुक्ताबाई आता प्रत्येक सभेत सांगतात, अडखळत, पण मोठ्याने. वेळसरीच्या नळावर हर्षदा बसते, एका डोळ्याने. वहीत आता समासाएवढाच मोठा रकाना आहे, 'कसा' या शब्दाखाली. आठवड्यातून एक दिवस ती पुन्हा उपाशी असते. टाकीसाठी जिवंत मासे, एकही खवला न दुखावता, पहाटेच्या पाण्यातून धरून बाळादादा आणून देतो. दोघं फारसं बोलत नाहीत. त्या दिवशी तोही पिठलंच खातो.

झालं आख्यान. आता माझं एक मागणं आहे.

हर्षदाला लोक लक्षात ठेवतील, बाईंनाही. माझं मागणं शैलासाठी आहे. तिने काही शोध लावला नाही, कुणाला मारलं नाही. नणंदेच्या उपासासाठी वर्षानुवर्षं घरात मासळी शिजवली नाही, आणि 'तू म्हणतेस ना, मग झालं' एवढं म्हणून टोपली उचलली. आणि हे सगळं अजून व्हायचं आहे, हे विसरू नका. म्हणजे आज ती जिवंत आहे. कुठल्या तरी खाडीकाठी पदर खोचून मासे निवडते आहे, हसते आहे, आणि कुणाच्या तरी शब्दाची वाट बघते आहे. उद्या तुमच्यापैकी कुणाच्या हातात असा दिवा येईल, शिक्का येईल, आणि समोर कुणी विचारेल, "खायचा ना हा?" तेव्हा तोंड उघडायच्या आधी, मायबापहो, शैला कासेकरची आठवण करा.